ठशाची खुर्ची

सुतार लाकडावर नक्षी कशी काढतो, ते आपण पाहिले आहे. पटाशी घेऊन तो लाकूड थोडे थोडे कोरतो. एका वेलबुट्टीला दिवसचे दिवस जातात. म्हणून कोरीव वस्तू महाग पडते.

अमेरिकेत सुमारे १८९० ते १९२० या काळात एक निराळी खुर्ची घरोघर गेली. तिच्या पाठीवर पाने, फुले, वेल असत. पण ती कोरलेली नसत. मग ती आली कशी? ठशाने!

आपण वाकडी काठी विस्तवावर शेकून सरळ करतो. उष्णतेने लाकूड जरा नरम पडते. तीच युक्ती तिथल्या कारखान्यांनी वापरली. पोलादाच्या ठशावर नक्षी उलटी कोरली. ठसा तापवला आणि ओक नावाच्या झाडाच्या फळीवर यंत्राने जोरात दाबला. नक्षी उठली! एका ठशात कितीतरी खुर्च्या झाल्या, आणि स्वस्त झाल्या.

शिकागो शहरातली सिअर्स, रोबक कंपनी अशा खुर्च्यांची चित्रे आणि किमती पुस्तकात छापी. ते पुस्तक टपालाने खेड्यांत जाई. १८९६ पासून तिथल्या खेड्यांत टपाल घरपोच मिळू लागले. एरवी गावचा दुकानदार सांगेल तोच भाव. छापलेला भाव मात्र सर्वांना एकच. ज्याला वाचता येई, तो शेतकरी घरबसल्या भाव पाही आणि मागणी लिहून पाठवी.

आज या खुर्च्या जुन्या, दुर्मिळ म्हणून विकल्या जातात. ठशाचे काम कोणी हातचे कोरीव म्हणून खपवील. ते ओळखायचे कसे? जोडीच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवा. हाताच्या कामात थोडा तरी फरक पडतोच. ठशाची नक्षी हुबेहूब सारखी असते. बोट फिरवून पाहा. पटाशीची धार कुठे लागत नाही. कडा गोलसर, दबलेल्या लागतात.

अशी खुर्ची घरात असली, तर ती गरम पाण्याने धुऊ नये. दबलेले लाकूड पाण्याने फुगते आणि नक्षी पुसट होते. पॉलिश कागदानेही फार घासू नये. नक्षी उथळ असते, ती झिजून जाते.

ठशाची वस्तू खोटी नव्हे, असे आम्हाला वाटते. तिने गरिबाच्या घरी नक्षी नेली. ती कोरीव म्हणून विकणे, हे मात्र खोटे.