लातूरचा ‘ऊर’

लातूर, चाकूर, देगलूर, माहूर, शिरूर अनंतपाळ. एसटीच्या पाट्यांवर ही नावं पाठोपाठ वाचली की शेवटचा ‘ऊर’ कानात घुमत राहतो. कन्नडात आणि तेलुगूत ‘ऊरु’ म्हणजे गाव, हे सीमाभागात शाळकरी पोरालाही ठाऊक. म्हणून ही सगळी गावं मुळात कानडी, असा निकाल देऊन काही जण मोकळे होतात. दुसऱ्यांना प्रत्येक ‘ऊर’मध्ये झिजलेला संस्कृत ‘पुर’ दिसतो. दोन्ही निकाल घाईचे. शेपूट सारखं दिसलं म्हणून कूळ एक ठरत नाही. नावाचं जुनं रूप हाती लागावं लागतं, आणि लातूरचं तर दगडावरच कोरलेलं आहे.

धारवाडकडच्या शिरूरच्या (तिथंही ऊरच!) इ.स. ८६६च्या शिलालेखात राष्ट्रकूट अमोघवर्षाचं बिरुद येतं: लत्तलूरपुरवरेश्वर. लत्तलूर नावाच्या श्रेष्ठ नगराचा स्वामी. राजधानी मान्यखेटला, पण मिरवायचं ते मूळ गाव! सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानंही पुढे हेच बिरुद लावलं. हे लत्तलूर कुठलं, यावर वाद झाला. शिलालेख-अभ्यासक फ्लीटनं आधी थेट छत्तीसगडातलं रतनपूर गाठलं. ‘र’चा ‘ल’ होतो हे मान्य; पण रतनपूर वसवलं कलचुरी रत्नराजानं अकराव्या शतकात. जे गाव वसायचंच होतं, त्याचं बिरुद दोनशे वर्षं आधी कोण लावील? फ्लीट पुढे स्वतःच लातूरवर आला, आणि इतिहासकार अ. स. अळतेकरांनी १९३४च्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात लातूरचीच बाजू घेतली. मला मात्र या वादापेक्षा त्या बिरुदातली एक जोडणी मोलाची वाटते. ‘ऊर’ हा ‘पुर’चाच अवशेष असता, तर त्यापुढे पुन्हा ‘पुर’ कशाला? कोणी म्हणेल, झिजलेला शब्द ओळखू येत नाही, म्हणून जोडला असेल. पण प्राकृत नाव संस्कृतात घेताना त्याला घासूनपुसून ‘पुर’ करणं ही पंडितांची जुनी खोड. इथं त्यांनी लत्तलूरला हातही लावला नाही. त्यातून अमोघवर्षाचा दरबार ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथाचा. त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. इथला ‘ऊर’ दक्षिणेचाच.

म्हणून लातूर कानडी ठरलं का? नावाचा पुढचा अर्धा भाग ऐका. सप्तचं सत्त झालं, सत्तचं सात. भक्तचं भत्त, मग भात. जोडाक्षर सुटं होताना आधीचा स्वर लांबवायचा, ही मराठीची रीत. त्याच रीतीनं ‘लत्त’चं ‘लात’ झालं आणि दोन ‘ल’ जवळजवळ आल्यानं मधला गळाला. शेपूट कानडी, तोंड मराठी.

माहूरचं मात्र वेगळं. जुन्या ग्रंथांत ते मातापूर. स्वरांमधले ‘त’ आणि ‘प’ गळून जाणं हे प्राकृताचं नेहमीचंच. नूपुरचं नेऊर झालं ते असंच. मातापुर, माआउर, मग फटीत ‘ह’ शिरून माहूर. लातूरच्या ‘ऊर’शी यमक जुळतं तेवढंच, सोयरीक नाही. निजामाबादचं जुनं नाव इंदूर आणि होळकरांचंही इंदूर, पण नुसत्या यमकावर त्यांना कोणी भाऊ ठरवत नाही.