बदली गुरुजी

कोकणात वाड्या दूरदूर, शाळा लहान. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत गुरुजी एक-दोनच. ते आजारी पडले किंवा त्यांची बदली झाली, तर शाळा कोण चालवणार?

अशा वेळी जवळच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई काही दिवस येतात. याला ‘कामगिरी’ म्हणतात. 2023 साली सरकारने निवृत्त गुरुजींनाही बोलावले. मानधन ठरले महिना 20,000 रुपये. कायमचे गुरुजी येईपर्यंतच हे काम.

नव्या गुरुजींना वाडी अनोळखी, पोरं अनोळखी. कुठला धडा झाला, कोणाला पाढे येत नाहीत, हे आपण त्यांना सांगावे. ‘बदली गुरुजीच तर आहेत’ म्हणून पोराला काजू वेचायला घरी ठेवू नये. आजचा धडा बुडाला, तर उद्याचा समजत नाही.

आणि गुरुजी आलेच नाहीत तर? 2009 च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. शाळा व्यवस्थापन समितीत दर 4 सभासदांत निदान 3 आईबाप असतात. समितीची सभा घ्यावी. केंद्रप्रमुखांना अर्ज द्यावा.

आता आपल्याला लिहिता येते. अर्जावर अंगठा नको, सही करू या.