कण्यातली गोळी आणि दंडातलं बळ

मी लष्करात ईएमईत होतो, म्हणजे तोफा, रणगाडे, गाड्या दुरुस्त ठेवणाऱ्या दलात. मुरलीकांत पेटकर आमच्याच दलाचे. निवृत्त होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझ्या गावी आलो, पण त्यांचं नाव निघालं की आजही छाती भरून येते.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान, फौजेतला मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक कण्यात रुतून बसली आणि पाय लुळे पडले. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. पाणी अंगाचा भार उचलतं. जमिनीवर जड झालेलं शरीर पाण्यात हलकं होतं आणि सारी मदार खांद्या-दंडांवर येते. मुष्टियुद्धात कमावलेले हात असे पुन्हा कामी आले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केलं. जागतिक विक्रम झाला आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आलं. ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ उजाडलं! पेटकरांना पद्मश्री मिळाली तीही २०१८मध्ये. एवढा उशीर मला आजही सलतो.

पॅरालिंपिक स्पर्धांचं मूळही जखमी सैनिकांतच आहे. कणा दुखावलेले जवान पूर्वी जखमेपेक्षा पाठीला पडणाऱ्या शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने जास्त दगावत. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी त्यांना नेमानं कुशीवर वळवायला लावलं, हातांना काम दिलं आणि २९ जुलै १९४८ रोजी चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे.

हे सगळं यवतमाळात कशाला सांगायचं? कारण आपल्याकडे गोळी लागत नाही, पण माणसं झाडावरून पडतात, विहिरीत पडतात. आमच्या गावातला एक पोरगा चिंचेवरून पडला आणि खाटेला खिळला. "देवानं नेलं असतं तर सुटला असता," असं त्याची माय म्हणाली. मी तिला म्हटलं, "वहिनी, दर दोन तासांनी त्याची कूस बदला. पाठ रोज पाहा, लाल डाग दिसला तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा." आणि त्याला पेटकरांची गोष्ट सांगितली. पदकाची नाही, दंडांची. डॉक्टरांना विचारून त्यानं पाण्याच्या बाटल्या उचलायला सुरुवात केली.

आता तो स्वतः खाटेवरून खुर्चीवर येतो. त्याच्या घराच्या पायरीला आम्ही सिमेंटचा उतार करून दिला. "काका, मी गिरणीवर बसू काय?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्याच दिवशी गिरणीवाल्याकडे गेलो. त्यानं वजनकाटा खाली, हाताला येईल असा ठेवायचं कबूल केलं आहे. सोमवारपासून तो कामावर जातोय.