चादरीचाही भार

पुण्यात जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हा सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज कानावर पडायची. कुणाचं हातापायांतलं बळ गेलं, कोण व्हेंटिलेटरवर आहे, एवढंच बोललं जायचं. आयसीयूत प्लाझ्मा बदलण्याचं काम जवळून पाहिलं, तेव्हा मला आधी दिसलं ते दुखणं.

तिथे दाखल असलेल्या एका काकांच्या पायांना चादर लागू नये म्हणून सिस्टरांनी ती लोखंडी कमानीवर टाकली होती. तळव्याला नुसती चाटून गेली तरी ते कळवळायचे. कमरेतल्या कळा तर बळ जायच्या आधीपासूनच्या. घरच्यांनी बाम चोळला, जड काही उचललं असेल म्हणाले. बऱ्याच जणांच्या बाबतीत असंच होतं.

त्या साथीत अनेकांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जिवाणूच्या आवरणावरची साखरेची रचना आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज मग नसांनाच चिकटतात, कॉम्प्लिमेंट प्रथिनं तिथे हल्ला चढवतात. नसांची मुळं सुजली की कमरेत कळा; इजा झालेल्या नसा साध्या स्पर्शाचीही वेदना करून टाकतात.

प्लाझ्मा बदलताना काकांच्या मानेतल्या शिरेतून रक्त मशीनमध्ये येत होतं. पेशी अल्ब्युमिनसोबत परत अंगात, आणि फिकट पिवळा प्लाझ्मा पिशवीत. एका वेळी अडीच-तीन लिटर. टेक्निशियनचं लक्ष मशीनइतकंच चेहऱ्याकडे. "काका, ओठांना मुंग्या येतायत का?" रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, त्याची पहिली खूण ओठांवर उमटते. काका "हो" म्हणाले. तिने लगेच वेग कमी केला, कॅल्शियम सुरू केलं.

अँटिबॉडीजचा मोठा साठा रक्ताबाहेर, ऊतकांत असतो आणि तो पुन्हा रक्तात उतरतो. म्हणून हे प्लाझ्मा बदलणं साधारण पाच वेळा, बहुधा एक दिवसाआड. त्याने हल्ला थोपतो. झालेली इजा भरून यायला महिने लागू शकतात. तोवर दुखण्यासाठी गॅबापेंटिनसारखी औषधं वेगळी द्यावी लागतात.

राउंडला बळ तपासून 0 ते 5 गुण लिहितात. त्याच कागदावर दुखण्याचा आकडाही रोज लिहिला गेला पाहिजे, असं मला ठाम वाटतं. घशात नळी असलेल्यांना तर मुद्दाम विचारावं: पापणी, मान, बोट, जे हलत असेल त्याने होकार घ्यावा.