संगणकीय दप्तरातील कागद : नामकरण व दाखल करण्याची पद्धती

ऐतिहासिक कागदाचे प्रामाण्य त्यातील मजकुराइतकेच त्याच्या ठावठिकाणावर अवलंबून असते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची रीत आहे. रुमालाचा निर्देश अचूक असला म्हणजे दुसऱ्या अभ्यासकास मूळ पत्र काढवून वाचनाची शहानिशा करता येते. अशा कागदांचे स्कॅनिंग झाले की प्रतिमा मूळ कागदापासून विलग होते, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणून बहुधा फाइलीचे नावच उरते. यंत्राने आपोआप दिलेली अनुक्रमांकी नावे तशीच राहू दिली, तर दोन निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या दोन भिन्न कागदांना एकच नाव पडण्याचा संभव असतो. दुवा तुटलेली प्रतिमा वाचता येते, परंतु आधार म्हणून देता येत नाही. यास्तव नामकरण हा संशोधनपद्धतीचाच एक भाग मानला पाहिजे.

(१) नावातील घटक

पत्र कोणाचे, कोणास व कशाविषयी, हे नावात लिहावे असा मोह प्रथम होतो. परंतु या गोष्टी वाचनाअंती ठरतात व पुढील संशोधनाने बदलूही शकतात. पत्रातील ‘नाना’ म्हणजे नानासाहेब पेशवे की नाना फडणीस, हा निर्णय चुकला तर नावही चुकते. आणि ते मागाहून बदलले तर त्या नावाने पूर्वी दिलेले सर्व आधार निरुपयोगी होतात. कागदाचे स्थान मात्र वाचनावर अवलंबून नसते. म्हणून संग्रहाचे चिन्ह, रुमाल, कागद व पृष्ठ एवढेच घटक नावात असावेत आणि इतर सर्व तपशील नोंदवहीत जावा. सातव्या रुमालातील बाराव्या कागदाचे दुसरे पृष्ठ ‘००७-०१२-०२’ असे लिहावे. (येथील अंक छपाईच्या सोयीसाठी देवनागरी आहेत.) आरंभीची शून्ये न दिल्यास संगणकाच्या वर्णानुक्रमात १ नंतर १० व त्यानंतर २ येतो. ‘७/१२’ अशी तिरपी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही. आणि एक्सेलच्या कोष्टकात ते अंक लिहिले तर त्यांची परस्पर तारीख होते. मागील पृष्ठ कोरे असले तरी त्याची प्रतिमा घ्यावी, म्हणजे ते कोरे होते की घ्यायचे राहिले, असा संशय पुढे उरत नाही.

(२) काळाची नोंद

नोंदवहीत मुळातील मिती जशीच्या तशी उतरावी व तिच्या शेजारी स्वतंत्र रकान्यात इसवी तारीख द्यावी. पानिपतचे युद्ध शके १६८२, पौष शुद्ध ८ रोजी झाले. त्या वेळी शुहूर सन ११६१ चालू होता. शुहूर सन मृगाच्या सुमारास पालटत असल्याने डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. हा भेद विसरून सरसकट ५९९ मिळविल्यास पानिपतच्या दिवशीचे पत्र एक वर्ष आधीचे ठरते. मूळ मिती शेजारी असली तरच अशी चूक उघडकीस येते. इसवी तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे ‘१७६१-०१-१४’ अशी लिहावी. आंतरराष्ट्रीय मानक ८६०१ चा हाच क्रम असून त्यायोगे वर्णानुक्रम व कालानुक्रम एकच होतात. एक्सेलची तारीखगणना १९०० पासून सुरू होत असल्यामुळे हा रकाना केवळ मजकूर म्हणून ठेवणे श्रेयस्कर.

(३) देवनागरी नावांची अडचण

‘कऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु अनेक संगणकप्रणाली त्यांस भिन्न नावे समजतात. शिवाय प्रत्येक देवनागरी चिन्हास यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. लिनक्सवर नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइट असल्याने काना, मात्रा व हलंत धरून अवघी ८५ चिन्हे मावतात. सबब फाइलीचे नाव रोमन अक्षरे व अंक यांनी बनवावे आणि देवनागरीचा विस्तार नोंदवहीत करावा.

(४) संग्रहात दाखल करणे

भारतातील अनेक विद्यापीठांत वापरली जाणारी डीस्पेस ही मुक्त प्रणाली २००२ मध्ये प्रसृत झाली. तीत एकगठ्ठा कागद दाखल करताना प्रत्येक कागदाचा स्वतंत्र फोल्डर करतात. त्यात प्रतिमा, प्रतिमांच्या नावांची यादी व डब्लिन कोअर पद्धतीचे वर्णन असते. यादीत नाव नसलेली प्रतिमा संग्रहात जात नाही. दाखल झालेल्या फाइलीस प्रणाली स्वतःची अंतर्गत ओळख देते व मूळ नाव नोंदीच्या रूपाने जपते. म्हणजे दाखल होण्यापूर्वी नाव चुकले असेल, तर ती चूकच अधिकृत नोंद होऊन बसते. दाखल करतेवेळी प्रत्येक फाइलीचा पडताळा-अंकही नोंदविला जातो. पुढे तो पुन्हा काढून ताडून पाहिल्यास फाइलीत फरक पडला की नाही हे कळते. तथापि, प्रतिमा योग्य कागदाचीच आहे किंवा नाही, हे तो सांगू शकत नाही.

ते काम मनुष्यानेच केले पाहिजे. रुमाल पुन्हा बांधण्यापूर्वी कागदांची व पृष्ठांची संख्या प्रतिमांच्या संख्येशी ताडावी, काही प्रतिमा उघडून मूळ कागदाशेजारी ठेवून पाहाव्यात आणि तपासणाऱ्याने नोंदवहीत तारखेसह सही करावी. रुमाल समोर असताना हे काम थोडक्यात आटोपते. तो एकदा फडताळात गेला म्हणजे एका गहाळ पृष्ठाकरिता सबंध दप्तर पुन्हा सोडवावे लागते, आणि जीर्ण कागदास प्रत्येक हाताळणी बाधकच असते.