आधी काडतूस, मग रायफल

रत्नागिरीकडच्या वयस्क माजी सैनिकांच्या बोलण्यात दोन रायफली हमखास येतात, थ्री-नॉट-थ्री आणि एसएलआर. पहिलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. दुसरीत नुसता चाप ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं. ही सोय साधताना अभियंत्यांना काडतुसानेच सर्वाधिक छळलं.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या तळाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. टोपी पेटली की दारू जळते आणि वायूच्या दाबाने गोळी सुटते. अर्धस्वयंचलित रायफल याच जोरातला थोडा हिस्सा वापरून बोल्ट मागे ढकलते. रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग दाबली जाते आणि परतताना बोल्ट नवं काडतूस आत सारतो. म्हणजे काडतुसाला गोळी फेकायची आणि यंत्रही चालवायचं. ते फार लांब असेल तर बोल्टला मागे जायला जास्त जागा लागते. फार जोरदार असेल तर सुटे भाग जड करावे लागतात आणि खांद्याला बसणारा धक्काही वाढतो.

थ्री-नॉट-थ्रीची अडचण आणखी वेगळी. तिच्या पुंगळीच्या तळाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर ती अडकते. याच काडतुसावर चालणाऱ्या ब्रेन मशीनगनचं मॅगझिन वाकडं असायचं ते या कडेमुळेच.

यावर उपाय म्हणून नवी काडतुसंच घडवली गेली. रशियात फ्योदोरोव्ह यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतःचं 6.5 मिमी काडतूस आखलं, पण युद्धाच्या धामधुमीत त्यांची रायफल जपानी काडतुसावर बनवावी लागली. अमेरिकेत 1923 पासून जॉन पेडरसन .276 इंची कॅलिबरच्या काडतुसावर काम करत होते. लष्कराच्या .30-06 काडतुसाची पुंगळी 63 मिमी लांब होती, पेडरसन यांच्या काडतुसाची 51 मिमी. मात्र त्यांच्या रायफलीत दाब पुरता उतरण्याआधीच पुंगळी मागे सरकू लागे. ती चेंबरला चिकटू नये म्हणून काडतुसांवर मेणाचा पातळ थर द्यावा लागला. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन गॅरंड यांनी वायूवर चालणारी रायफल केली. तिला मेण लागत नव्हतं आणि .276 ची 10 काडतुसं तिच्यात मावत.

1932 मध्ये सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी .276 नाकारलं. जुन्या काडतुसांचे साठे होते, मशीनगनही त्यांच्यावरच चालत होत्या आणि मंदीमुळे पैसा नव्हता. गॅरंडनी रायफल .30-06 साठी पुन्हा बेतली. 1936 मध्ये ती स्वीकारली गेली, पण आता तिच्यात 8 च काडतुसं बसत.

ब्रिटननेही पुढे .280 चं मध्यम काडतूस तयार केलं. तेही मागे पडलं आणि नाटो देशांनी 7.62×51 मिमी स्वीकारलं. आपली एसएलआर त्यावरच चालते. 1962 च्या चीन युद्धात आपले बहुतेक जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले होते. त्यानंतर ईशापूरला बनलेली एसएलआर सैन्यात रुळली.

या इतिहासाचा मोठा धागा महाराष्ट्रातून जातो. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा 1964 चा. थ्री-नॉट-थ्रीच्या खडकीत बनलेल्या काडतुसांच्या तळावर 'के एफ' ही अक्षरं ठोकलेली असत. पुढे पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने 5.56 मिमीची इन्सास रायफल आखली. 7.62 चं एक काडतूस सुमारे 24 ग्रॅमचं, 5.56 चं सुमारे 12. त्यामुळे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट काडतुसं नेऊ शकतो.

नवी रायफल निवडताना चर्चा बंदुकीच्या रूपाची आणि किमतीची होते. पहिला प्रश्न मात्र असा हवा: तिचं काडतूस कोणतं, आणि ते युद्धकाळात आपल्याच कारखान्यांत पुरेसं बनेल का?