बास्केटबॉलमधील दुहेरी फाऊल

क्रीडांगणावर दोन खेळाडूंची झटापट झाली कीं, पंचाच्या कानीं दोन्ही बाजूंनीं एकच तक्रार येते: "आधीं त्यानें ढकललें!" पुष्कळदां दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें असतें. अशा वेळीं बास्केटबॉलचा पंच न्याय कसा करितो, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हा खेळ डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें निर्माण केला. त्याच्या तेरा नियमांत प्रतिपक्षाच्या खेळाडूस धरणें, ढकलणें, पाडणें वा मारणें ह्यांस मनाई होती. एका संघानें लागोपाठ तीन फाऊल केल्यास प्रतिपक्षास एक गोल मिळे. परंतु मध्यंतरीं प्रतिपक्षाकडून फाऊल घडल्यास ती मोजणी तुटे. म्हणजे दोन्ही बाजूंचे अपराध शेजारीं ठेवून पाहण्याची रीत प्रारंभापासूनच होती.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंनीं जवळजवळ एकाच क्षणीं एकमेकांविरुद्ध शरीरस्पर्शाचा फाऊल केला, तर तो दुहेरी फाऊल होय. बास्केटखालीं जागा मिळविण्यासाठीं दोघे एकमेकांचे हात धरून ओढीत आहेत, हें त्याचें नेहमींचें उदाहरण. मात्र एकाचा फाऊल साधा आणि दुसऱ्याचा खिलाडूवृत्तीस सोडून असेल, तर ते दोन निराळे फाऊल समजले जातात.

दुहेरी फाऊल होतांच पंच दोन्ही मुठी हालवून खूण करितो. प्रत्येक खेळाडूच्या नांवावर एक फाऊल लिहिला जातो. परंतु मुक्त फेक कोणासही मिळत नाहीं. मग चेंडू कोणाचा? ज्या संघाच्या ताब्यांत तो होता, त्यालाच तो रेषेबाहेरून आंत टाकण्यास मिळतो. त्याच सुमारास गोल झाला असेल, तर तो धरला जातो व चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू कोणाच्याच ताब्यांत नसेल, तर गुणलेखकाच्या मेजावरील बाण ज्या संघाची पाळी दाखवील, त्याला तो मिळतो. ह्यांतील हेतु उघड आहे: झटापटीमुळें कोणासही लाभ होऊं नये.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पांच फाऊल झालेल्या खेळाडूस मैदान सोडावें लागतें. चार फाऊल आधींच केलेला खेळाडू अशा झटापटींत सांपडला, तर तो बाहेर जातो आणि एकच फाऊल असलेला त्याचा प्रतिस्पर्धी खेळत राहतो. न्याय दोघांस सारखाच. फळ मात्र ज्याच्या त्याच्या मागील वर्तनाप्रमाणें!

आतां, एकानें ढकललें व दुसऱ्यानें त्याचा सूड घेतला, तर तो दुहेरी फाऊल नव्हे. पंच ते फाऊल घडले त्याच क्रमानें विचारांत घेतो. शिक्षा समान असल्या तर त्या परस्परांत फिटतात. समान नसल्या तर उरलेली शिक्षा भोगावी लागते. म्हणूनच पंचाची दृष्टि चेंडूइतकीच खेळाडूंच्या हातांवर असावी लागते. पहिला धक्का न पाहतां केवळ दुसरा पाहणारा पंच अन्याय करून बसतो.

बालमित्रहो, "त्यानेंही केलें" असें म्हटल्यानें शिक्षा कदाचित् फिटेल. परंतु आपल्या नांवापुढील खूण पुसली जात नाहीं, हें चेंडू हातीं घेण्यापूर्वींच आपण जाणून असावें.